पडद्यावरच्या गावाचा खर्च कोण करतो?

सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हा त्याचा खर्च सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी सोसला. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ राजेसाहेबांनी पाहिला होता. तसाच, पण त्याहून नेटका खेळ मराठीत व्हावा, ही इच्छाही त्यांचीच. आपण दर 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो, भाव्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि राजाच्या खजिन्याचा उल्लेख एका वाक्यात उरकतो. पुढं घडलं ते मात्र त्या खजिन्यामुळंच. 1851 साली आप्पासाहेब गेले, दरबारचा आश्रय आटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन फिरतीवर निघावं लागलं. 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. कथा पुराणातल्याच राहिल्या, पण खेळ कुणाला आवडला पाहिजे हे बदललं. दरबारात एका माणसाची मर्जी राखायची होती, आता शेकडो अनोळखी माणसांची राखायची होती.

कलेवर बोलताना आपण लेखक-दिग्दर्शकाच्या प्रतिभेवर भरभरून बोलतो आणि पैशाचा विषय निघाला की जरा अवघडतो. पैशाचं बोलणं म्हणजे कलेचा अपमान, असा आपला एक मध्यमवर्गीय समज आहे. मला उलट वाटतं. पैसा कुठल्या दारानं आला, तो कोणत्या अटीवर आला आणि कुणाला परत करायचा आहे, हे कळल्याशिवाय मराठी सिनेमातलं गाव असं का दिसतं, याचा उलगडा होत नाही. सातारा-सांगलीकडच्या माणसाला तर हे जास्त जाणवायला हवं. (हे दोन्ही जिल्हे मुळात बऱ्याच अंशी एकच. 1949 साली ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं.) या मुलखाचं गाव पडद्यावर इतक्या वेळा आलंय आणि दर वेळी वेगळ्याच कुणाच्या तरी खर्चानं आलंय.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण व्यंकटेश माडगूळकरांचं. माणूस आटपाडी तालुक्यातला, माणदेशातल्या माडगूळचा. दुष्काळ, मेंढरं, रामोशी, धनगर, बोरी-बाभळी, हे सगळं डोळ्यांत साठवून लिहायला बसलेला. या माणसानं 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’साठी लेखन केलं. दिग्दर्शक अनंत माने, गाणी थोरले बंधू ग. दि. माडगूळकर यांची. पुण्यात विजयानंद चित्रगृहात हा चित्रपट 131 आठवडे चालला. तमाशाची बारी, लावणी, माजलेला पाटील, सूड, असा सगळा ऐवज त्यात होता आणि पुढची पंधरा-वीस वर्षं मराठी सिनेमानं तो पुन्हा पुन्हा खर्ची घातला. त्याच माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 साली पुस्तक म्हणून आली होती. तिचा चित्रपट व्हायला 1995 उजाडलं. तो अमोल पालेकरांनी केला आणि पैसे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांचे होते. त्यात बारी नाही, खलनायक नाही. धनगरांच्या वाडीत आलेला एक पोरसवदा मास्तर आहे, कारभारी आहे, आणि शेवटी पाऊस न पडल्यामुळं रिकामी होत जाणारी वाडी आहे.

लेखक एक, मुलूख एक, आणि गावं मात्र दोन. हा चाळीस वर्षांत अभिरुची सुधारल्याचा परिणाम आहे, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. ‘बनगरवाडी’ 1959 मध्येही तशीच छापील पुस्तकात होती आणि वाचकांना आवडतही होती. ती पडद्यावर आली नाही कारण त्या काळी चित्रपटाला पैसा वितरक देत, तोही आगाऊ, आणि तो फेडायचा होता जत्रेतल्या तंबूतून. पुसेगावची सेवागिरी महाराजांची, म्हसवडची सिद्धनाथाची, पालीची खंडोबाची, अशा यात्रांत तंबूत सिनेमा लागायचा. बाहेर पाळणे, भोंगे, जनरेटरची धडधड. आत बैठकीवर बसलेलं पब्लिक, अर्धं उभं. अशा जागी मास्तर खिडकीतून बाहेर बघत बसला आहे हे दृश्य चालत नाही. तिथं संवाद खणखणीत लागतो, ढोलकी लागते. उशिरा आत शिरलेल्यालाही गोष्ट कळावी म्हणून तीच माहिती दोनदा सांगावी लागते. ज्याला समीक्षक ‘भडक’ म्हणत आले, त्यातला निम्मा भडकपणा तंबूच्या कापडाचा होता.

आणि हा तमाशा तरी कुणाचा? पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. काळू-बाळू मिरज तालुक्यातल्या कवलापूरचे. गण, गौळण, बतावणी, वग, सवाल-जबाब, सत्तेची टिंगल, एवढा मोठा पसारा ज्या मातीत होता, त्यातून सिनेमानं लावणी उचलली आणि बतावणी बऱ्याच अंशी सोडून दिली. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांच्या बाबतीतही तेच. त्यांच्या लेखनात उपाशी माणसांचं बंड केवढं तरी आहे. सिनेमानं आधी उचलली ती तमाशातल्या बाईची ‘वैजयंता’, 1961 मध्ये. ‘फकिरा’ त्यानंतर, 1963 मध्ये. वितरकाला कोणता ऐवज ओळखीचा वाटला, हे त्या क्रमातच दिसतं.

मग सरकार आलं. सत्तरच्या दशकात महाराष्ट्र सरकारनं करमणूक कराच्या परताव्याची योजना आणली. तिकिटावर भरमसाट करमणूक कर होता. मराठी चित्रपटानं गोळा केलेला तो कर निर्मात्याला परत मिळे, मात्र तो पुढचा मराठी चित्रपट काढण्यासाठी. अट साधी, पण हुशार होती. तिनं दोन गोष्टी केल्या. एक, पैसा धंद्यातच राहिला; कोल्हापूरच्या स्टुडिओतले लाईटवाले, मेकअपवाले, रंगारी यांना पुढचं काम मिळत राहिलं. दुसरी अशी, की जितकी तिकिटं जास्त तितका परतावा जास्त, म्हणजे गर्दी खेचणाऱ्याला सरकार आणखी बळ देत होतं. दादा कोंडके याच काळात लागोपाठ रौप्यमहोत्सव करत होते. त्यांच्या द्व्यर्थी संवादांवरून नाक मुरडणारं सरकार आणि त्यांच्या गल्ल्यावर परतावा देणारं सरकार एकच होतं, ही गंमत त्या वेळी फार कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. मी परताव्याच्या बाजूचा आहे, हे इथंच सांगून टाकतो. तो परतावा कुणाच्या अभिरुचीची परीक्षा घेत नव्हता. नऊवारीतली बाई, तिचं माहेर, तिचं रडू, हे सगळं ‘माहेरची साडी’त 1991 साली आलं आणि खेडोपाडीच्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तो पाहायला गेल्या. तो काही थोर सिनेमा नव्हता. पण त्या बायका थिएटरात गेल्या होत्या.

फ्रान्सचं उदाहरण आपल्याकडे उठसूट दिलं जातं आणि अर्धवट दिलं जातं. तिथल्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राची स्थापना 1946 ची. तिकिटामागं दहा टक्क्यांहून थोडा जास्त कर तिथं कापला जातो, हॉलिवूडच्या चित्रपटाच्या तिकिटावरसुद्धा, आणि तो सिनेमाच्याच कामी येतो. त्यातला एक भाग चाललेल्या चित्रपटाच्या निर्मात्याच्या नावावर जमा होतो आणि तो त्यानं पुढच्या चित्रपटातच घालायचा असतो. हे आपल्या परताव्याचंच भावंड. दुसरा भाग समितीमार्फत, पटकथा वाचून आगाऊ दिला जातो. ही पद्धत आंद्रे मालरो मंत्री असताना सुरू झाली. आपल्याकडचे लोक दुसऱ्या भागाचं कौतुक करतात, कारण त्यातून कलात्मक सिनेमा येतो. पहिला भाग नसता तर दुसऱ्याला पैसा कुठून आला असता, हे कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रानं नेमका पहिला भागच सोडला. परतावा गेला, मराठी चित्रपट करमुक्त झाले आणि थेट अनुदान आलं. रकमा बदलत गेल्या. दीर्घकाळ चाललेल्या रचनेत ‘अ’ दर्जाच्या चित्रपटाला 40 लाख आणि ‘ब’ दर्जाच्या चित्रपटाला 30 लाख रुपये. दर्जा कोण ठरवणार? समिती. चित्रपट पूर्ण करायचा, समितीला दाखवायचा, समिती गुण देणार. आता सांगलीच्या राजेसाहेबांच्या जागी सात-आठ परीक्षक बसले, इतकाच फरक.

या पद्धतीनं चांगलं काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही. 2004 च्या ‘श्वास’नंतर नव्या मुलांना धीर आला, गावाकडची, शेतकऱ्यांच्या घरातली पोरं दिग्दर्शक झाली, त्यात पुरस्कारांचा आणि अनुदानाच्या आशेचा वाटा आहे. पण त्याबरोबर एक ठरीव सिनेमाही जन्माला आला. तो ओळखायला सोपा आहे. एक शाळकरी मुलगा. त्याचं एखादं जनावर किंवा त्याची एखादी छोटी इच्छा. कर्जात बुडालेला अबोल बाप. एखादा सामाजिक प्रश्न, शक्यतो असा की ज्यावर कुणाचं दुमत नाही. लांबून घेतलेली माळरानाची दृश्यं, कारण माळरानाला भाडं पडत नाही. शेवटी थोडी आशा. लहान मूल घेतलं की नट परवडतात, प्रश्न घेतला की विषयाचे गुण मिळतात. चित्रपट कमी खर्चात उरकला तर अनुदानातून निम्माशिम्मा खर्च निघतोच; प्रेक्षक आला तर वरचा. यातले उत्तम चित्रपट याच साच्यातून वर आले आणि साचा मोडून मोठे झाले, हेही खरं. बाकीचे गणेशोत्सवाच्या आधी एका आठवड्यात लागतात आणि जातात.

इराणात असाच प्रकार झाला होता. मुलांसाठी काम करणाऱ्या सरकारी संस्थेकडं पैसा होता, म्हणून अब्बास किआरोस्तामींनी मुलांच्या गोष्टी केल्या. बाहेरच्या जगाला वाटलं, इराणी सिनेमा म्हणजे वही परत करायला धावणारा मुलगा. किआरोस्तामी होता म्हणून त्या पैशाचं सोनं झालं. प्रत्येक तालुक्यात किआरोस्तामी सापडेल हे गृहीत धरून योजना आखता येत नाही.

सातारा-सांगलीतला दुसरा पैसा, साखरेचा. कृष्णाकाठी सहकारी कारखान्यांनी शाळा काढल्या, अभियांत्रिकी कॉलेजं काढली, दवाखाने काढले. सिनेमाकडं हा पैसा तसा वळला नाही. साखरसम्राटावरचा आपला सर्वांत धारदार चित्रपट ‘सामना’. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, निर्माते रामदास फुटाणे. साताऱ्यात जन्मलेले श्रीराम लागू त्यात मास्तर झाले आणि निळू फुले हिंदुराव. 1975 मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यात सरकारी समितीचा रुपया नव्हता. असता तर मास्तरच्या तोंडचे प्रश्न तसेच राहिले असते का, याचं उत्तर मी वाचकावर सोडतो.

आता वाईला या. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, पलीकडं मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा. हिंदी सिनेमानं हे गाव इतकं वापरलं, की देशातल्या कोट्यवधी लोकांनी वाई पाहिली आहे आणि त्यांना ते ठाऊकच नाही. प्रकाश झांच्या ‘मृत्युदंड’ आणि ‘गंगाजल’मध्ये वाईचा परिसर बिहार झाला. ‘स्वदेस’मध्ये मेणवलीचा घाट उत्तरेतल्या चरणपूरचा झाला. ‘ओंकारा’ आणि ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेश आणि 2013 च्या ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये चक्क तमिळनाडू. कलाविभागाचं पहिलं काम ठरलेलं असतं: मराठी पाट्या झाकायच्या. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर थाना येतो, किराणा दुकानावर परक्या लिपीतलं नाव येतं, घाटावर परक्या देशीची माणसं उभी करायची म्हणून आपलीच माणसं रोजावर घेतली जातात. फेटा कसा बांधायचा हे त्यांना सेटवरचा पोरगा शिकवतो.

वाईच का? मुंबईहून सकाळी निघालेली गाडी दुपारी पोचते, वर पाचगणी-महाबळेश्वरला नट-नट्यांना राहायला हॉटेलं आहेत, मुंबईच्या कामगारांना लांबवर नेण्याचा खर्च वाचतो. हे झालं सोयीचं गणित. मग उत्तर प्रदेश सरकारनं आपल्या राज्यात चित्रीकरण करणाऱ्यांना अनुदान द्यायला सुरुवात केली आणि मुंबईची युनिटं लखनऊ, बनारसकडं निघाली. गेल्या दशकभरात हिंदी सिनेमाला ‘खऱ्या’ छोट्या शहरांची चव आली, बोली आल्या, गल्ल्या आल्या, असं आपण वाचतो. ही चव दिग्दर्शकांना हवी होतीच. पण ती परवडू लागली ती लखनऊच्या सरकारी आदेशानंतर. त्या आधीचं बिहार कृष्णेकाठचं होतं, आणि त्यामुळंच ते थोडं खोटं, थोडं स्वच्छ, डोंगराच्या सावलीतलं दिसायचं.

वाईकरांना यातून भाडं मिळालं, रोज मिळाला. त्याला मी कमी लेखत नाही. पण मराठी गाव स्वतःच्या नावानं पडद्यावर दाखवायला पैसे नाहीत आणि तेच गाव दुसऱ्याच्या नावानं दाखवायला कोटींनी आहेत, ही स्थिती तीस वर्षं चालली. वाहिन्यांनी हे थोडं बदललं. ‘लागिरं झालं जी’सारख्या मालिकेत साताऱ्याचा फौजी साताऱ्याचाच राहिला. अर्थात वाहिनीचा पैसा रोज रात्री वसूल व्हायचा असतो, त्यामुळं त्या गावात शेतीची कामं कमी आणि ओसरीवरची भांडणं जास्त.

पैसा निर्मितीला देऊन भागत नाही, याचा धडा जब्बार पटेलांच्याच ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटानं दिला. केंद्राचा आणि राज्याचा पैसा, मामुट्टींना राष्ट्रीय पुरस्कार, आणि तरीही तो देशभरातल्या चित्रगृहांत नीट लागायला वर्षानुवर्षं गेली. ज्या साताऱ्यात बाबासाहेब पहिल्यांदा इंग्रजी शाळेत गेले, तिथल्या माणसानं तो चित्रपट मोठ्या पडद्यावर कधी पाहायचा, याची तरतूद त्या पैशात नव्हती. सरकारनं पडद्याच्या बाजूनं हस्तक्षेप केला तो सक्तीचा. वर्षाला मराठीचे किमान 112 खेळ, ही अट. मल्टिप्लेक्सनी ती सकाळी नऊला आणि दुपारी कुणी नसताना पाळली. ब्रिटननं 1927 मध्ये देशी चित्रपटांची सक्ती केली होती, तेव्हा अमेरिकन कंपन्यांनी कोटा भरण्यापुरते स्वस्त चित्रपट काढून सकाळी रिकाम्या थिएटरात चालवले होते. तेच इथं घडलं. म्हणून एप्रिल 2015 मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावड्यांनी मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवण्याचा आदेश काढला, मग त्यावर टीकेचं ट्विट, ट्विट करणाऱ्या लेखिकेला हक्कभंगाची नोटीस, घोषणा, सगळं झालं. सगळा वाद मुंबईच्या मल्टिप्लेक्सचा होता. ज्या गावात थिएटरच बंद पडून त्याचं मंगल कार्यालय किंवा गोडाऊन झालंय, तिथं प्राइम टाइम कुणाचा?

परतावा परत आणा, असं म्हणणाऱ्यांना एक आकडा सांगायला हवा. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि करमणूक कर त्यात गेला. मराठीची सरसकट करमाफी त्याबरोबरच गेली. सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर 5 टक्के जीएसटी आहे, त्यातला राज्याचा वाटा अडीच टक्के. शंभराच्या तिकिटामागं अडीच रुपये परत करून कुठला निर्माता उभा राहणार? जुना परतावा चालला कारण जुना कर जबर होता. तो मार्ग बंद झाला आहे.

दुसरा मार्ग उघडा आहे. एका ‘अ’ दर्जाच्या चित्रपटाचे 40 लाख घ्या. तेच पैसे समितीच्या गुणांवर न देता, तालुक्याच्या ठिकाणी विकल्या गेलेल्या प्रत्येक तिकिटामागं 20 रुपये म्हणून द्या, दहा निर्मात्याला आणि दहा थिएटरवाल्याला. 40 लाखांत दोन लाख प्रेक्षक होतात. विटा, कराड, तासगाव, फलटण, ईश्वरपूर (आधीचं इस्लामपूर) अशा गावांत एक पडदा चालू ठेवायला थिएटरवाल्याला तेवढा आधार पुरा पडतो की नाही, हे दोन वर्षं करून बघावं. तिकिटं संगणकावर विकली जातात, हिशेब ठेवणं अवघड नाही. खोटी तिकिटं फाडली जातील ही भीती रास्त आहे. पण समितीपुढं वशिले लागतात ही तक्रारही जुनीच आहे, आणि तिकिटाची चोरी पकडता तरी येते.

यातला धोका मला दिसतो. तिकिटावर पैसा दिला तर ‘बनगरवाडी’ होणार नाही. म्हणून समिती ठेवा. पण आज जी रक्कम पन्नास चित्रपटांत वाटून संपते, त्यातून वर्षाला मोजके चित्रपट निवडा, पटकथेवर निवडा, आगाऊ आणि भरपूर पैसे द्या, आणि चित्रपट पुरा झाल्यावर गुण देऊ नका. समितीनं लेखकाला विचारायचा प्रश्न एवढाच असावा, की ही गोष्ट बाजारात कुणी पैसे घालून करेल का? करेल, तर तिकिटाच्या रांगेत जा. कुणी करणार नाही आणि तरी झाली पाहिजे, असं असेल तर आत या.

पुढच्या अर्थसंकल्पाआधी सांस्कृतिक कार्य विभाग या विषयावर बैठक घेईल, तेव्हा निर्माते आणि कलाकार असतीलच. विट्याचा एखादा थिएटरमालकही बोलवा.